मुखवट्यांमागील श्रद्धाविश्व

मराठीत ‘मुखवटा’ हा शब्द दोन परस्परविरोधी अर्थांनी वापरला जातो. एखाद्या व्यक्तीचे खरे रूप उघडकीस आले, की ‘मुखवटा गळून पडला’ असे म्हटले जाते. येथे मुखवटा म्हणजे ढोंग. याउलट भाद्रपदात ज्येष्ठागौरींचे आवाहन होते, तेव्हा अनेक घरांत ज्या मुखवट्यांची स्थापना केली जाते, त्यांच्याविषयी अशी शंकाही कोणाच्या मनात येत नाही. तीन दिवसांसाठी माहेरी आलेली देवता त्या मुखवट्यात वसते, अशी भावना असते. विसर्जनानंतर तोच मुखवटा जपून ठेवला जातो आणि पुढील वर्षी पुन्हा पूजेला घेतला जातो.

जगातील बहुतेक मुखवटे या दुसऱ्या अर्थाच्या जवळचे आहेत. माणसाचा चेहरा झाकणे हे त्यांचे साधन असते. देव, पूर्वज, प्राणी अथवा रोग यांपैकी एरवी न दिसणाऱ्या कोणाला तरी समाजासमोर आणणे हे त्यांचे प्रयोजन असते. त्यामुळेच मुखवटा कोणत्या लाकडाचा असावा, तो कोणी धारण करावा, कोणी पाहावा आणि विधी संपल्यावर त्याचे काय करावे, याविषयीचे नियम समाजागणिक ठरलेले असतात. या नियमांतून त्या त्या समाजाच्या श्रद्धांचे दर्शन घडते. हे नियम मोडले गेले, तेव्हा उद्भवलेले संघर्षही तितकेच बोलके आहेत.

प्राचीन वारसा

आज ज्ञात असलेल्या सर्वांत प्राचीन मुखवट्यांमध्ये जेरुसलेमच्या परिसरातील ज्यूडियाचे डोंगर व लगतच्या वाळवंटात मिळालेल्या दगडी मुखवट्यांचा समावेश होतो. सुमारे ९,००० वर्षांपूर्वीचे हे मुखवटे २०१४मध्ये जेरुसलेमच्या इस्रायल संग्रहालयात एकत्रितपणे मांडण्यात आले होते. ते पूर्वजपूजेशी संबंधित असावेत, असे अभ्यासकांचे मत आहे.

प्राचीन इजिप्तमध्ये मृताच्या चेहऱ्यावर मुखवटा बसवण्याची प्रथा होती. तूतनखामेन या राजाची कबर १९२२मध्ये उजेडात आली. त्याच्या ममीवरील सोन्याच्या मुखवट्याचे वजन १० किलोपेक्षा अधिक आहे. हा केवळ वैभवाचा देखावा नव्हता. देवांचे शरीर सुवर्णाचे असते, अशी इजिप्शियन लोकांची धारणा होती. सुवर्णमुख धारण करणारा राजा मृत्यूनंतर देवरूप होतो, हा त्यामागील आशय होय. मुखवट्याच्या मागील बाजूवर राजाच्या रक्षणासाठी मंत्रही कोरलेला आहे.

रोममधील प्रतिष्ठित घराण्यांत पूर्वजांचे मेणाचे मुखवटे घरातील दर्शनी दालनात लाकडी देव्हाऱ्यात ठेवले जात. इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकातील ग्रीक इतिहासकार पॉलिबियस याने नमूद केल्यानुसार, कुटुंबातील कोणी निवर्तल्यास मृत पूर्वजांशी शरीरयष्टीने साधर्म्य असणारी माणसे हे मुखवटे व त्या पूर्वजांच्या पदाला साजेशी वस्त्रे परिधान करून अंत्ययात्रेत सहभागी होत. नव्याने मृत झालेल्या व्यक्तीला निरोप देण्यासाठी जणू तिच्या मागील पिढ्या रस्त्यावर उतरत असत.

लॅटिन भाषेत नाटकातील मुखवट्याला ‘पर्सोना’ असे म्हटले जाई. व्यक्ती व व्यक्तिमत्त्व या अर्थांचे ‘पर्सन’ आणि ‘पर्सनॅलिटी’ हे इंग्रजी शब्द त्यातूनच आले. प्राचीन ग्रीक भाषेत तर चेहरा व मुखवटा या दोहोंसाठी ‘प्रोसोपोन’ हा एकच शब्द होता.

झाडापासून देवत्वापर्यंत

इंडोनेशियातील हिंदुबहुल बाली बेटावर बारोंग आणि रांगदा यांचे मुखवटे विशेष पवित्र मानले जातात. सिंहसदृश बारोंग हा गावाचा रक्षणकर्ता, तर सुळे व लांब जीभ असलेली रांगदा ही विनाशक शक्तीचे रूप. या मुखवट्यांसाठी ‘पुले’ या वृक्षाचे लाकूड वापरले जाते. आपल्याकडे सातवीण अथवा सप्तपर्णी या नावाने परिचित असलेला हा वृक्ष बालीमध्ये स्मशानालगतच्या मंदिरांच्या आवारात आढळतो. शुभ दिवस पाहून, वृक्षाची अनुज्ञा मागून, तो उभा असतानाच त्याच्या खोडाचा आवश्यक तेवढा भाग काढून घेतला जातो. कोरीवकाम व रंगकाम पूर्ण झाल्यावर पुरोहित विधिपूर्वक मुखवट्यात शक्तीचे आवाहन करतात. त्यानंतर तो कलाकुसरीची वस्तू राहत नाही. त्याचे वास्तव्य मंदिरात असते व त्याला नैवेद्य अर्पण केला जातो.

बारोंग व रांगदा यांच्या युद्धात कोणाचाही अंतिम विजय होत नाही, ही बाब लक्षणीय आहे. इष्ट व अनिष्ट या दोन्ही शक्ती सृष्टीत कायम राहणार असून त्यांच्यात समतोल राखणे हे माणसाचे कर्तव्य आहे, ही बालीतील श्रद्धा या नृत्यातून व्यक्त होते. म्हणूनच भीतिदायक रांगदेचा मुखवटाही बारोंगइतक्याच आदराने पूजला जातो. बारोंग नृत्यासह बालीतील पारंपरिक नृत्यप्रकारांचा २०१५मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारसा यादीत समावेश करण्यात आला.

जपानमधील ‘नो’ या नाट्यप्रकाराचा मुखवटा प्रथमदर्शनी भावहीन वाटतो. हिनोकी या सुरूजातीय वृक्षाच्या लाकडातून तो कोरलेला असतो. नट मान किंचित वर उचलतो, तेव्हा प्रकाश पडून मुखवटा प्रसन्न भासतो. मान खाली झुकवताच छायेमुळे त्यावर विषाद पसरतो. या दोन क्रियांना जपानी भाषेत अनुक्रमे ‘उजळणे’ व ‘झाकोळणे’ या अर्थाचे शब्द आहेत. रंगमंचावर जाण्यापूर्वी नट आरशाच्या दालनात मुखवट्याला वंदन करतो, तो धारण करतो आणि आरशातील नव्या रूपाकडे एकाग्रतेने पाहतो. झेआमी (सुमारे १३६३ ते १४४३) या नाटककाराने या कलेला शास्त्रशुद्ध रूप दिले. ‘ओकिना’ या प्राचीन प्रयोगात मात्र नट प्रेक्षकांच्या समक्ष, रंगमंचावरच मुखवटा चढवतो. त्या क्षणापासून तो दीर्घायुष्य व सुबत्तेचा आशीर्वाद देणारा देव मानला जातो आणि मुखवटा उतरवताच पुन्हा माणूस होतो. या प्रयोगापूर्वी नटाने आहारविहाराचे नियम पाळून शुद्ध राहावे, असा संकेत आहे.

रोगाला दिलेला चेहरा

श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्यावरील अंबलनगोडा हे गाव मुखवटे कोरणाऱ्या कारागिरांसाठी प्रसिद्ध आहे. येथील ‘सन्नी यकुमा’ हा विधी रोगनिवारणाशी निगडित आहे. ‘सन्नी’ या शब्दाचा संबंध आयुर्वेदातील ‘सन्निपात’ या संज्ञेशी जोडला जातो. रोग निर्माण करणारे अठरा यक्ष अथवा राक्षस आहेत, अशी या विधीमागील कल्पना आहे. कोणी अंधत्व आणतो, कोणी बहिरेपणा, कोणी वाचा हिरावून घेतो, तर कोणी कफविकार उत्पन्न करतो. प्रत्येकाचा मुखवटा वेगळा असून त्या त्या विकाराची चिन्हे चेहऱ्यावर दाखवलेली असतात.

रात्रभर चालणाऱ्या या विधीत एकेक राक्षस रुग्णासमोर येतो. ढोलवादक त्याच्याशी संवाद करतो, त्याची थट्टा करतो आणि अखेरीस बुद्धाच्या अधिकाराचे स्मरण करून देत त्याला निघून जाण्यास भाग पाडतो. जमलेले ग्रामस्थ हसतात, रुग्णही हसतो. आधुनिक वैद्यकाला हा पर्याय ठरू शकत नाही. तथापि, अदृश्य आजाराला नाव व चेहरा दिला, की त्याच्याशी बोलता येते आणि रुग्ण एकाकी राहत नाही, ही जाणीव त्यामागे दिसते.

मातृशक्ती आणि मुखवटा

पश्चिम आफ्रिकेत नायजेरिया, बेनिन व टोगो या देशांत राहणाऱ्या योरुबा समाजाचा ‘गेलेदे’ हा उत्सव आदिमाता ‘इया न्ला’ व समाजातील वृद्ध स्त्रियांच्या सन्मानार्थ साजरा केला जातो. सुगीनंतर, तसेच अवर्षण वा साथीच्या काळातही त्याचे आयोजन होते. स्त्रियांमधील शक्ती सृजनशील असते, मात्र ती रुष्ट झाल्यास संकट ओढवते, अशी धारणा आहे. त्यामुळे पुरुष स्त्रीवेष व लाकडी मुखवटे धारण करून या शक्तीला प्रसन्न करतात. मुखवट्याचा खालचा भाग शांत स्त्रीमुखाचा असतो. त्याच्या माथ्यावर मात्र पशुपक्षी, कारागीर, अगदी सायकल वा मोटारगाडीसुद्धा कोरलेली आढळते. सामाजिक दोषांवर विनोदातून बोट ठेवण्याची मुभा या उत्सवाने दिली आहे. २००१मध्ये युनेस्कोने गेलेदेची दखल घेतली व २००८मध्ये त्याचा समावेश अमूर्त वारसा यादीत झाला.

मुखवटा धारण करण्याचा अधिकार जगात बहुतेक ठिकाणी पुरुषांकडे आहे. सिएरा लिओन व लायबेरिया येथील मेंदे आणि शेजारच्या समाजांतील ‘सांदे’ ही स्त्रियांची संस्था याला महत्त्वाचा अपवाद ठरते. तेथील ‘सोवेई’ हा तकतकीत काळा मुखवटा स्त्रियाच धारण करतात. रुंद कपाळ विचारशीलतेचे, लहान मिटलेले ओठ संयमाचे, तर मानेवरील वळ्या आरोग्य व समृद्धीचे प्रतीक मानल्या जातात. हा चेहरा पाण्यातून वर आलेल्या शक्तीचा आहे, अशी श्रद्धा आहे. मात्र या संस्थेच्या दीक्षाविधीशी मुलींच्या जननेंद्रियांना इजा करणारी प्रथा निगडित आहे. तिला आरोग्य क्षेत्रातून व खुद्द तेथील महिलांच्या एका वर्गाकडून तीव्र विरोध होत आहे. प्राणघातक ठरू शकणारी ही प्रथा वगळून मुखवटा व त्याचा मान राखता येईल का, हा तेथील समाजापुढील प्रश्न आहे.

भारतीय परंपरा

भारतात मुखवट्यांची परंपरा हिमालयापासून दक्षिणेपर्यंत आढळते. पूर्व भारतातील छाऊ नृत्याचे तीन प्रकार प्रचलित आहेत. पश्चिम बंगालमधील पुरुलिया व झारखंडमधील सरायकेला येथील छाऊमध्ये मुखवटे वापरले जातात; ओडिशातील मयूरभंज छाऊ मुखवट्याविना सादर होते. पुरुलियाचे भव्य मुखवटे अजोध्या डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या चरिदा या गावात माती, कागद व कापड यांपासून तयार होतात. २०१८मध्ये त्यांना भौगोलिक मानांकन मिळाले. सरायकेलाचा मुखवटा त्या मानाने साधा व कोमल असतो. त्यातून श्वास घेणे कठीण असल्याने तेथील नृत्ये अल्पावधीची असतात. चेहरा स्थिर असल्याने सर्व भाव मान, खांदे व पावले यांतून व्यक्त करावा लागतो. २०१०मध्ये छाऊचा समावेश युनेस्कोच्या यादीत झाला.

आसाममधील माजुली या नदीबेटावरील सत्रांमध्ये श्रीमंत शंकरदेव (१४४९ ते १५६८) यांच्या वैष्णव परंपरेतील ‘भाओना’ नाट्यासाठी बांबू, माती, शेण व कापड यांचे मुखवटे तयार केले जातात. सामान्य ग्रामस्थांना रावण, पूतना, नृसिंह प्रत्यक्ष दिसावेत आणि भक्तीचा आशय पोहोचावा, हे त्यांचे प्रयोजन होते. या मुखवट्यांना २०२४मध्ये भौगोलिक मानांकन प्राप्त झाले.

उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यातील सलूड-डुंगरा या जोडगावांत वैशाखात ‘रम्माण’ हा उत्सव होतो. त्यात नृसिंहाचा मुखवटा धारण करण्याचा मान केवळ भंडारी समाजाला आहे. ग्रामदेवता भूमियाल ज्या कुटुंबात वर्षभर मुक्कामी असते, त्या कुटुंबाला कडक नियम पाळावे लागतात. २००९मध्ये हा उत्सवही युनेस्कोच्या यादीत समाविष्ट झाला.

महाराष्ट्रातील पालघर जिल्ह्यातील जव्हार, मोखाडा तसेच नाशिक जिल्ह्याच्या आदिवासी पट्ट्यातील ‘बोहाडा’ याच प्रकारात मोडतो. पेरणीपूर्वीच्या मोकळ्या दिवसांत, रात्री मशालींच्या उजेडात आणि सांबळ-पिपाणीच्या तालावर गणपती, सरस्वती, नृसिंह, रावण आदींची सोंगे नाचत येतात. मुखवटे पूर्वी लाकडाचे असत. पुढे कागदाच्या लगद्याचे मुखवटे रूढ झाले. ठरावीक सोंग ठरावीक घराण्याकडे परंपरेने चालत येते आणि मुखवटा चढवण्यापूर्वी त्याची पूजा होते. ‘सोंग’ या शब्दाला एरवीच्या बोलण्यात बनावटपणाचा अर्थ असला, तरी बोहाड्यात सोंग येते म्हणजे देव येतो. सोंगाचा मान असणारे कुटुंब कामधंद्यासाठी दूर गेले असले, तरी उत्सवाला परतावे अशी अपेक्षा असते.

बंदी, जप्ती आणि परतावा

घराण्याचा हक्क ही कल्पना कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील क्वाक्वाकावाक्व या आदिवासी समाजातही केंद्रस्थानी आहे. तेथील ‘रूपांतर मुखवटा’ हा काष्ठशिल्पाचा अजोड नमुना होय. नर्तक दोऱ्या ओढतो, पक्ष्याची चोच दोन्ही बाजूंना उघडते आणि आतून मानवी चेहरा प्रकट होतो. आपले पूर्वज पशुपक्ष्यांच्या रूपात अवतरले व ते रूप उतरवून माणूस झाले, ही त्यांची श्रद्धा या मुखवट्यात साकार होते. विवाह, नामकरण, मृतांचे स्मरण अशा प्रसंगी ‘पॉटलॅच’ नामक मेजवानी दिली जाते. यजमान घराण्याचे मुखवटे त्यात नाचतात आणि पाहुण्यांना भेटवस्तू मिळतात. भेट स्वीकारणारा पाहुणा त्या घराण्याच्या हक्काचा साक्षीदार ठरतो. लेखी दस्तऐवज नसलेल्या समाजाची ही न्याय व नोंदणीची व्यवस्थाच होती.

संपत्ती वाटून टाकणारी ही प्रथा कॅनडा सरकार व मिशनऱ्यांना प्रगतीच्या आड येणारी वाटली. १८८४मध्ये कायद्यात दुरुस्ती करून पॉटलॅचवर बंदी घालण्यात आली. डिसेंबर १९२१मध्ये डॅन क्रॅन्मर यांनी व्हिलेज बेटावर गुप्तपणे मोठे पॉटलॅच आयोजित केले. प्रशासनाला त्याची कुणकुण लागली व ४५ जणांवर खटले भरण्यात आले. नाचणे, भाषण करणे, भेटवस्तू वाटणे हेच आरोप होते. मुखवटे व अन्य विधिसाहित्य स्वाधीन केल्यास शिक्षा स्थगित करण्याची अट घालण्यात आली. तरीही सुमारे वीस स्त्री-पुरुषांना तुरुंगवास भोगावा लागला. ४५०हून अधिक वस्तू ओटावा व टोरांटो येथील संग्रहालयांत आणि न्यूयॉर्कच्या एका संग्राहकाकडे गेल्या.

बंदीचे कलम १९५१मध्ये कायद्यातून वगळले गेले. मात्र वस्तू परत मिळवण्यासाठी समाजाला दीर्घ पाठपुरावा करावा लागला. परतलेल्या मुखवट्यांसाठी १९७९मध्ये केप मज येथे, तर १९८०मध्ये अलर्ट बे येथे केंद्र उभारण्यात आले. अलर्ट बे येथील केंद्राचे नाव ‘उमिस्ता’ असे आहे. पूर्वी शत्रूने पळवून नेलेला माणूस खंडणी देऊन अथवा प्रतिहल्ल्यानंतर घरी परतला, की त्याला उमिस्ता लाभली, असे म्हटले जाई. मुखवट्यांच्या घरवापसीसाठी समाजाने माणसाच्या सुटकेचा शब्द निवडला, हे पुरेसे बोलके आहे. लंडनच्या ब्रिटिश संग्रहालयाने २००५मध्ये एक रूपांतर मुखवटा दीर्घ मुदतीच्या उसनवारीवर तेथे पाठवला.

अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातील होपी समाजाचा अनुभव याहून अलीकडचा आहे. ‘कचिना’ नावाचे देवदूतसदृश आत्मे हिवाळ्यात गावात येतात, सुमारे सहा महिने वास्तव्य करतात, पाऊस व पीक देतात आणि जुलैच्या सुमारास पर्वतशिखरांवरील निवासस्थानी परततात, अशी होपींची श्रद्धा आहे. विधीतील मुखवटे त्यांच्या लेखी सजीव असून त्यांना ते ‘मित्र’ मानतात. त्यांची विक्री, प्रदर्शन वा छायाचित्रण त्यांना मान्य नाही.

एप्रिल २०१३मध्ये पॅरिस येथे सुमारे ७० होपी मुखवट्यांचा लिलाव पुकारण्यात आला. तो थांबवण्यासाठी न्यायालयात दाद मागण्यात आली. मात्र पवित्र मानल्या जाणाऱ्या या वस्तूंना सजीव वा मृत मानवी देहाचा दर्जा देता येत नाही, अशी भूमिका न्यायालयाने घेतली आणि लिलाव पार पडला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये झालेल्या दुसऱ्या लिलावात अमेरिकेतील ॲनेनबर्ग फाउंडेशनने २४ पवित्र वस्तू खरेदी केल्या. मूळ मालकांना परत देण्यासाठीच ही खरेदी होती. त्यांपैकी २१ होपींच्या व तीन सॅन कार्लोस अपाची समाजाच्या होत्या. आदिवासींचा पवित्र वारसा देशाबाहेर नेण्यास प्रतिबंध करणारा कायदा अमेरिकेने डिसेंबर २०२२मध्ये केला.

वस्तू की उपस्थिती

मुखवट्यांविषयीचा वाद अखेर या एकाच मुद्द्यावर येऊन ठेपतो. संग्रहालयाच्या व बाजाराच्या दृष्टीने मुखवटा ही वस्तू आहे. तिला वय, साहित्य, शैली व किंमत असते. विसाव्या शतकाच्या प्रारंभी पाब्लो पिकासोसारख्या चित्रकारांना पॅरिसच्या संग्रहालयातील आफ्रिकी मुखवट्यांनी प्रभावित केले, तेव्हा प्रामुख्याने त्यांच्या आकारांची चर्चा झाली. त्या मुखवट्यांबरोबर येणारे ढोल, नृत्य, वस्त्रे आणि भोवती जमलेला गाव मात्र मागेच राहिला.

संग्रहालयांमुळे अनेक मुखवटे वाळवी व हवामानापासून वाचले, हे नाकारता येत नाही. पर्यटन व भौगोलिक मानांकनामुळे चरिदा वा माजुलीच्या कारागिरांच्या उत्पन्नाला हातभार लागत आहे, हेही खरे आहे. अनेक समाजांनी यातून मार्ग काढला आहे. विक्रीसाठीचे मुखवटे निराळे व विधीचे निराळे, असा भेद बालीतील कारागीर स्पष्टपणे करतात. लाकूड व कौशल्य सारखे असले, तरी ज्यात आवाहन झालेले नाही, तो मुखवटा खुशाल विकता येतो.

हा भेद समजण्यासाठी मराठी वाचकाला फार दूर जाण्याची आवश्यकता नाही. दुकानात मांडलेला गौरीचा मुखवटा आपण हाताळतो, त्याची घासाघीस करतो आणि पसंत न पडल्यास परत ठेवतो. पिढ्यानपिढ्या घरात पुजला गेलेला, आजीने मऊ वस्त्रात गुंडाळून पेटीत ठेवलेला मुखवटा कोणी परदेशातील लिलावात मांडला, तर आपल्या मनात जी भावना उमटेल, तीच होपी समाजाने पॅरिसच्या न्यायालयात मांडली होती.